हवालदार, जमादार, शिपाई

आपल्या भाषेत 'शिपाई' म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढे येतात. एक बर्फात बंदूक घेऊन उभा असलेला, आणि दुसरा कचेरीत साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसलेला. शब्द एकच. 'हवालदारा'चंही तसंच. शिवाजी महाराजांच्या काळी किल्ल्याचा हवालदार म्हणजे गडावरचा मुख्य अधिकारी. किल्ल्या त्याच्या ताब्यात, दरवाजे उघडणं-लावणं त्याच्या हुकुमाने. आज 'हवालदार' म्हटलं की चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस आठवतो. 'जमादार' तर आणखी खाली आला. फौजेत तो अधिकारपद होतं, त्यालाच पुढे नायब सुभेदार म्हणू लागले. शहरात मात्र झाडलोट करणाऱ्याला जमादार म्हणायची पद्धत पडली. इंग्रजीतून आलेला 'प्यून' तरी वेगळा असेल म्हणावं, तर त्याचंही मूळ पोर्तुगीजांच्या पायदळातल्या साध्या सैनिकात!

कचेरीतल्या शिपायाच्या किंवा झाडलोट करणाऱ्याच्या कामात कमीपणा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्रश्न वेगळा आहे. लढणाऱ्या माणसाचे सगळे शब्द हळूहळू दरवाजाशी येऊन का बसले? मला वाटतं, फौजेतून किंवा पोलिसातून बाहेर पडलेल्या माणसाबद्दल समाजाने जो समज करून घेतला, तोच या शब्दांत मुरला आहे. छोट्या जाहिरातींत 'माजी सैनिकास प्राधान्य' असं छापून येतं ना, तेव्हा हे प्राधान्य कोणत्या कामासाठी आहे ते जरा बघा. रखवालदार, गनमॅन, गोदामाची राखण, फार तर साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. हा समज कुठून आला, याचा थोडा इतिहास आज सांगावासा वाटतो.

सुरुवात गडापासूनच करू. गडावर एकट्या हवालदाराचं राज्य नव्हतं. त्याच्या जोडीला सबनीस असे, तो हजेरी आणि हिशेब ठेवी. कारखानीस असे, त्याच्याकडे धान्य, दारूगोळा, सामानसुमान. म्हणजे एकाच तटबंदीच्या आत तीन वेगळी कसबं आहेत, आणि ती तीन वेगळ्या माणसांना सोपवायची असतात, हे त्या राज्यकर्त्याला नीट ठाऊक होतं. लष्कर म्हणजे नुसती तलवार नव्हे, हा साधा मुद्दा साडेतीनशे वर्षांपूर्वी कळला होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे चित्र पालटलं. पेशव्यांची फौज मोडली. हजारो स्वार आणि पायदळातली माणसं एकदम रिकामी झाली. कुणी शेतीकडे वळले, कुणी संस्थानिकांकडे गेले. काहींना कंपनी सरकारने शिबंदीत घेतलं. या शिबंदीचं काम काय? मामलेदार कचेरीचा खजिना राखायचा, वसुलीच्या वेळी बरोबर जायचं, टपाल पोचवायचं, साहेबाच्या पुढे-मागे चालायचं. छातीवर पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. आपला 'पट्टेवाला' तो हाच. तलवार गेली, पट्टा राहिला. सरकारपुढे प्रश्न होता तो या माणसांना गप्प आणि कामात ठेवण्याचा. यांच्यात कोण लोहार, कोण हिशेबात पक्का, कोण घोड्यांचा वैद्य, ही चौकशी करायला कुणाला सवड नव्हती.

आता दापोलीला जाऊ. इंग्रजांनी तिथे छावणी वसवली होती. जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात, ते 'कॅम्प'वरूनच. पेन्शनीत निघालेले शिपाई तिथे घरं करून राहत. त्यांत महार पलटणींतले पेन्शनर पुष्कळ होते. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. लिहिता येणारा, वाचलेला माणूस. 'दीनबंधू' आणि 'सुधारक'सारख्या पत्रांत त्यांनी लिहिलं, अस्पृश्यतेविरुद्ध संघटना उभारली. १८९५ साली महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला वरच्या जातीचे सभासद तयार होईनात. फौजेत वर्षानुवर्षं माणसं सांभाळलेला हवालदार, पण तालुक्याच्या सभेत त्याची लायकी जन्मावरून ठरली.

दुसरं नाव सुभेदार रामजी सकपाळांचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः काय होते हे फार कमी जणांना सांगता येतं. ते शिक्षक होते! कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. रामजींनी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि चौदा वर्षं लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. १८९१ साली महू इथे भीमराव जन्मले. पुढे थोड्याच वर्षांत रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला आलं, तिथून साताऱ्याला. साताऱ्यात त्यांना बांधकाम खात्यात कोठीवर नोकरी मिळाली. नंतर खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदणं चाललं होतं, तिथे ते रोखपाल होते. वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावाचे आणि भावंडांचे वाटेत पाण्यावाचून झालेले हाल बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहेत, ते याच गोरेगावच्या प्रवासातले.

मी स्वतः मास्तर, म्हणून इथे जरा थबकतो. चौदा वर्षांचा अनुभवी मुख्याध्यापक नागरी जीवनात येतो आणि त्याला कोठीच्या किल्ल्या आणि रोकड मिळते. फौजी माणूस प्रामाणिक, पैशाला हात लावणार नाही, हा समज त्यामागे असणार. समज खोटाही नव्हता. पण ज्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत शिकवणाऱ्यांची वानवा होती, त्या काळात शिकवण्यात मुरलेला हा माणूस फळ्यापुढे उभा राहिला नाही. ज्या साताऱ्याच्या शाळेत त्यांच्या मुलाला गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागत होतं, तिथे बापाला मास्तरांच्या खुर्चीवर कोण बसवणार होतं? घरी मात्र रामजींची मास्तरकी सुटली नाही. मुलाचं इंग्रजी आणि गणित त्यांनी पक्कं करून घेतलं. त्या एका विद्यार्थ्याने पुढे काय केलं ते मी सांगायला नको.

लष्कर सगळ्यांना न्याय देत होतं आणि समाज तेवढा अन्याय, असंही समजू नका. १८९२-९३च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली. अमुक जाती लढाऊ आणि तमुक बिनलढाऊ, हा सिद्धांत तेव्हा जोरात होता. पिढ्यान् पिढ्या लढलेली माणसं एका निर्णयाने बिनलढाऊ ठरली. काल आणि आज यांत त्यांच्या हातातलं कसब तसूभरही कमी झालं नव्हतं, बदलली होती ती फक्त चिठ्ठी. १९१० साली शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला. त्यात सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पोलीस आणि पलटण आम्हाला खुली करा, अशी मागणी होती. मागणं किती माफक होतं बघा. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, ती दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा.

त्या महायुद्धाकडेच आता येऊ, कारण आपल्या विषयातला सर्वांत मोठा प्रयोग त्यानंतर झाला. १९३९ साली हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचं होतं. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. युद्ध संपलं आणि आता या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये सरकारने देशात एक नवी यंत्रणा सुरू केली. तिचं नाव एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज!

आमच्या पिढीला हे नाव वेगळं सांगायला नको. बी.ए. झाल्याबरोबर पहिलं काम काय, तर एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवणं. ते कार्ड जपून ठेवायचं, मुदत संपायच्या आत रांगेत उभं राहून नूतनीकरण करायचं, आणि 'कॉल' यायची वाट बघायची. पण ही कचेरी मुळात आमच्यासाठी नव्हतीच. ती फौजेतून सुटलेल्या शिपायांसाठी आणि युद्धाच्या कारखान्यांतून कमी केलेल्या कामगारांसाठी काढली होती. १९४८ साली ती सर्वांना खुली झाली. रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक करणारा कायदा १९५९चा. आयटीआयमधून आजही चालणारी कारागीर प्रशिक्षण योजना १९५०ची, तीही पुनर्वसन आणि रोजगार पाहणाऱ्या त्याच खात्यातून पुढे आली. म्हणजे सैनिकांच्या निमित्ताने घातलेल्या पाण्यावर साऱ्या देशाची बाग वाढली.

या कचेऱ्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली होती. समोर आलेला माणूस 'फौजी' आहे एवढं लिहून त्या थांबल्या नाहीत. फौजेत तो काय करत होता? मोटार मेकॅनिक, वायरलेस ऑपरेटर, ड्राफ्ट्समन, रुग्णसेवक, स्टोअरमन, आचारी, लोहार, कारकून? लष्करातला अमुक ट्रेड म्हणजे बाहेरचं अमुक काम, अशी समकक्षतेची कोष्टकं सरकारने तयार केली. खेडेगावातून कोरा गेलेला पोरगा पाच वर्षांत गिअरबॉक्स उघडून परत बसवायला शिकला होता. ते नोंदवल्याशिवाय बाहेरच्या कारखानदाराला कळणार कसं?

अमेरिकेत त्याच सुमाराला असाच प्रश्न उभा होता. तिथे १९४४ साली परत येणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायचा कायदा केला. बंदूक चालवलेली ही माणसं कॉलेजात येऊन काय दिवे लावणार, विद्यापीठांचा दर्जा घसरेल, अशी भीती शिकागो विद्यापीठाच्या रॉबर्ट हचिन्स यांच्यासारख्या नामवंत शिक्षणतज्ज्ञाने जाहीरपणे व्यक्त केली होती. सुमारे बावीस लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. १९४७ साली तिथल्या कॉलेजांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी तेच होते, आणि वयाने मोठी, संसारी अशी ही मुलं अभ्यासात इतरांपेक्षा सरस ठरली. (तिथेही काळ्या सैनिकांच्या वाट्याला या कायद्याचा लाभ फार तोकडा आला. आपली दापोली काही एकटी नव्हती.)

आपल्याकडे मात्र पुढे कोष्टकं फायलीत राहिली आणि समज पुन्हा वर आला. कायदेही तसेच झाले. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना 'क' गटात दहा टक्के आणि 'ड' गटात वीस टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण टक्केवारी नीट वाचा. जितकं काम खालचं, तितकी राखीव जागा जास्त. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात रखवालदार नेमताना सैन्य, पोलीस आणि होमगार्डमधून आलेल्यांना पसंती द्यावी असं कलम आहे. तेही योग्यच. पण भूदल, नौदल, हवाईदल, पोलीस, सगळे एका ओळीत, आणि ओळीच्या शेवटी काठी आणि शिट्टी.

आणि काठीला तरी नावं का ठेवायची? रखवाली हे मानाचं काम आहे, ज्याला करायचं आहे त्याने जरूर करावं. दुखतं कुठे ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी सिग्नल्समध्ये होता. वीस-बावीस वर्षं टेलिफोनच्या तारा, एक्स्चेंज, रेडिओ संच यांची दुरुस्ती केली. चाळिशीच्या आत सुटला, दोन मुली शाळेत. एका कारखान्यात देखभाल विभागात जागा होती म्हणून अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "रात्रपाळी चालेल ना?" त्याला कळेना, देखभाल विभागाला रात्रपाळीचं एवढं काय. मग उलगडा झाला की साहेबांनी त्याला गेटसाठीच धरलं होतं. घरी आला तेव्हा मला म्हणाला, "सर, त्यांनी माझं सर्टिफिकेट उलटूनसुद्धा बघितलं नाही. माजी सैनिक वाचलं आणि थांबले." दीडेक वर्ष त्याने गेटवर काढलं, कारण फिया भरायच्या होत्या. मग तालुक्याच्या गावी इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता बरं चाललंय. पण त्या दीड वर्षात घरात तो कुणाशी फारसा बोलत नसे, असं त्याची बायको सांगते.

पोलिसाचं आणखी विचित्र. त्याला लोक दोन कारणांनी कामावर ठेवतात. एक, समोरचा घाबरेल म्हणून. दुसरं, वरपर्यंत ओळखी असतील म्हणून. या दोन्हींत त्याचं कसब कुठेच नाही. तीस वर्षं ठाण्यात घालवलेला हवालदार काय शिकतो ते बघा. पंचनामा लिहिणं, म्हणजे डोळ्यांनी दिसेल तेवढंच आणि तेवढंच नेमकं कागदावर उतरवणं. एकाच घटनेचे चार जबाब ऐकून कोण कुठे अडखळतोय ते ओळखणं. मुद्देमाल कारकून असेल तर शेकडो वस्तू वर्षानुवर्षं चिठ्ठी लावून अशा ठेवणं, की कोर्टाने मागितल्या क्षणी हजर करता याव्यात. रडणाऱ्या आईला बसवून पाणी देऊन तिच्याकडून माहिती काढणं. विमा कंपनी, इस्पितळ, ग्रंथालय, दस्तऐवजांचं भांडार, कितीतरी ठिकाणी ही विद्या उपयोगी पडेल. आपण त्याला सोसायटीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवतो.

उलट बाजूही सांगायला हवी. कौतुकाचा समजसुद्धा समजच असतो. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला म्हणजे संस्था आपोआप शिस्तीत चालवेल, असं मानून कुणाला प्रशासक नेमतात आणि मग सहा महिन्यांत दोघंही कंटाळतात. हुकुमाने चालणारी पलटण आणि पगारावर, मनधरणीवर, युनियनवर चालणारी कचेरी यांत फरक असतो. काहींना तो सहज जमतो, काहींना नाही. शिवाय आपली माणसंही आपलं काम नीट सांगत नाहीत. "काय करत होता?" विचारलं तर "ड्यूटी" एवढंच उत्तर. फौजेचं प्रमाणपत्र बाहेरच्याला वाचता येत नाही आणि फौजीला ते उलगडून सांगायची सवय नाही. म्हणून दोष सगळा मालकांचाच, असंही मी म्हणणार नाही.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलात कारागीर होते. बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पांगळे झाले. तरी पोहायला शिकले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पहिलं. पुढे पुण्याला टेल्कोमध्ये त्यांनी नोकरी केली. लोकांना पदक तेवढं आठवतं, तेही पद्मश्री मिळाली २०१८ साली तेव्हा. मला मात्र त्या नोकरीचंही अप्रूप वाटतं. जखमी जवान म्हणजे मदतीचा धनी, असं न मानता कुणीतरी त्यांना काम दिलं.

हा सगळा इतिहास आज उगाळायचं कारण आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पाव हिस्सा अग्निवीर सैन्यात कायम होणार, बाकीचे बाहेर. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६-२७च्या सुमारास भरतात. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरची हजारो मुलं, हातात थोडी रक्कम आणि एक प्रमाणपत्र घेऊन, आपल्या गावांत परत येतील. त्यांच्यासाठी ठळकपणे जाहीर झालं ते निमलष्करी दलांतलं दहा टक्के आरक्षण आणि ठिकठिकाणच्या पोलीस भरतीतलं प्राधान्य. पुन्हा गणवेशातून गणवेशात. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. अशा गावांत आजवर पोरगा परत यायचा तो पेन्शन घेऊन. आता बिनपेन्शनीची, उमेदीच्या वयातली मुलं येतील. त्यांना आपण फक्त गेट दाखवणार असू, तर चार वर्षांत देशाने त्यांना जे शिकवलं ते आपणच मातीत घालू.

यावर मोठा उपाय मला सुचत नाही, आणि तो माझ्यासारख्या मास्तराचा प्रांतही नव्हे. १९४५ साली एक्स्चेंजच्या खिडकीमागच्या कारकुनाने जो प्रश्न विचारला, तोच आपण विचारावा. दुकानदाराने विचारावा, कारखानदाराने विचारावा, शाळेच्या संस्थाचालकांनीही. "तुम्ही तिथे नेमकं काय काम करत होतात?" आणि उत्तर "ड्यूटी" असं आलं, तर खुर्ची पुढे करून म्हणावं, "बसा. जरा सविस्तर सांगा."